सारखी कामे एकत्र करून निवड चाचणीची वैधता कशी तपासावी

एखाद्या पदासाठी घेतली जाणारी चाचणी खरोखर उपयोगाची आहे का, हे पाहायचे असेल तर चाचणीत मिळालेले गुण आणि पुढे कामात दिसलेली कामगिरी यांचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती प्रमाणात एकत्र चढतात-उतरतात हे सांगणारा उणे १ ते अधिक १ मधला आकडा, काढावा लागतो. हा सहसंबंध म्हणजेच निकषाधारित वैधता. रीत सरळ आहे, पण ती अडते माणसांच्या संख्येपाशी. बहुतेक संस्थांत एकाच पदावर वीस-पंचवीसपेक्षा जास्त माणसे नसतात, आणि एवढ्या थोड्या माणसांवरून काढलेला सहसंबंध भरवशाचा नसतो.

किती भरवशाचा नसतो, हे आकड्यांत पाहावे. समजा चाचणीची खरी वैधता ०.२५ आहे. सहसंबंधाची प्रमाण त्रुटी, म्हणजे केवळ योगायोगाने उत्तर साधारण किती इकडेतिकडे होईल याचे माप, काढण्यासाठी एकातून त्या सहसंबंधाचा वर्ग वजा करायचा आणि आलेल्या संख्येला माणसांच्या संख्येतून एक वजा करून घेतलेल्या वर्गमुळाने भागायचे. पंचवीस माणसांसाठी ही त्रुटी सुमारे ०.१९ येते. म्हणजे तोच अभ्यास पुन्हा पुन्हा केला तर शंभरातल्या पंचाण्णव वेळा उत्तर उणे ०.१२ ते अधिक ०.६२ यांच्या दरम्यान कुठेही पडेल. चांगली चाचणी निरुपयोगी ठरू शकेल आणि सामान्य चाचणी चमत्कार वाटू शकेल. हीच चाचणी लागू पडेल अशी चार पदे एकत्र करून १२६ माणसे मिळाली, तर त्रुटी ०.०८ च्या आसपास येते आणि उत्तर ०.०९ ते ०.४१ या पट्ट्यात राहते. पट्टा अजूनही रुंदच आहे, पण आता तो शून्याच्या वर आहे आणि त्यावर निर्णय घेता येतो.

सारखी कामे एकत्र करण्याचे मुख्य कारण हे आहे. मात्र ‘सारखी’ हा शब्द जितका निरुपद्रवी वाटतो तितका तो नाही. कोणत्या बाबतीत सारखी, हे ठरवल्याशिवाय केलेला गट माणसांची संख्या वाढवतो, पण वैधतेचा अर्थ घालवून बसतो.

आधी चाचणी, मग गट

वेतनश्रेणी ठरवण्यासाठी केलेले गट, प्रशिक्षणासाठी केलेले गट आणि निवड चाचणीसाठी केलेले गट एकच असतील असे मुळीच नाही. वेतनासाठी जबाबदारी आणि अनुभव यांना वजन असते, तर प्रशिक्षणासाठी नेमकी कृती आणि वापरली जाणारी साधने महत्त्वाची असतात. चाचणीसाठी एकच प्रश्न उरतो: चाचणी माणसातली जी क्षमता मोजते, ती या दोन्ही कामांत सारख्याच कारणाने आणि साधारण सारख्याच प्रमाणात लागते का? म्हणून गट पाडण्याआधी चाचणी काय मोजते हे दोन-तीन वाक्यांत लिहून काढावे. तयार असलेल्या वेतनश्रेणीच उचलून त्यांना गट म्हणण्याचा मोह मलाही एकदा आवरला नव्हता. कागद व्यवस्थित दिसला, पण त्या एकेका श्रेणीत हिशेब ठेवणारे, गाडी चालवणारे आणि दिवसभर फोनवर बोलणारे असे सगळेच बसले होते.

पदनामही तितकेच फसवे असते. ‘सहायक’ या एकाच नावाखाली लेखा विभागातली व्यक्ती बिले तपासते आणि ग्राहक विभागातली व्यक्ती तक्रारी ऐकून घेते. उलट लेखा विभागात बिल तपासणारा आणि भांडारात आलेल्या मालाची नोंद करणारा यांची पदनामे, विभाग, वरिष्ठ आणि बसण्याच्या जागा यांत काहीही सारखे नसते. तरी दोघेही दिवसभर एका कागदावरचा आकडा दुसऱ्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहतात, आणि ६८९१ च्या जागी ६८१९ पडले आहे हे ज्याच्या नजरेला खटकते तोच दोन्हीकडे चांगला ठरतो. बारीक तपशील अचूक टिपण्याची चाचणी घ्यायची असेल तर हे दोघे एका गटातले आहेत.

कामाचे वर्णन कोणत्या भाषेत करायचे

कामाचे विश्लेषण तीन पातळ्यांवर करता येते. प्रत्यक्ष कृतींच्या पातळीवर ‘पावती क्रमांक नोंदवतो’, ‘माल मोजतो’ अशी वाक्ये येतात. कोणत्याही कामाला लावता येतील अशा सर्वसाधारण वर्तनाच्या पातळीवर ‘लिखित माहिती वापरतो’, ‘दोन स्रोतांतील माहिती पडताळतो’ असे लिहिले जाते. तिसरी पातळी क्षमतांची: अंकगणिती तर्क, तपशिलाची अचूकता, तोंडी संवाद. पहिल्या पातळीवर गट पाडले तर जवळपास प्रत्येक पद वेगळे पडते, कारण कोणत्याही दोन पदांच्या कृती शब्दशः जुळत नाहीत. वरच्या पातळ्यांवर गट मोठे आणि संख्येने कमी होतात. दुसऱ्या पातळीचे प्रसिद्ध साधन म्हणजे पर्ड्यू विद्यापीठात अर्नेस्ट मॅककॉर्मिक आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली १९४ घटकांची प्रश्नावली. ती १९७२ मध्ये प्रकाशित झाली आणि तिच्यामुळे अगदी भिन्न कामांची एकाच मापाने तुलना करणे शक्य झाले.

निवड चाचणीसाठी मी दुसरी आणि तिसरी पातळी एकत्र वापरण्याच्या बाजूचा आहे. क्षमतांवर थेट गुण मागितले तर लोक अंदाजाने देतात. आधी वर्तनाची वाक्ये समोर ठेवून मग क्षमतेबद्दल विचारले तर उत्तरे जमिनीवर राहतात. कृतींची यादी मात्र फेकून देऊ नये. कामगिरीचे निकष ठरवताना आणि पुढे कोणी प्रश्न विचारला तर गटाचे समर्थन करताना तीच कामी येते.

प्रश्न कसा विचारला यावर बरेच काही ठरते. ‘अचूकता या कामासाठी किती महत्त्वाची आहे?’ असे विचारले तर पाचपैकी पाचच गुण मिळतात, कारण आपल्या कामात अचूकता महत्त्वाची नाही असे कोण म्हणेल? त्याऐवजी ‘ही क्षमता कमी असलेली व्यक्ती पहिल्या तीन महिन्यांत कुठे चुकेल आणि त्या चुकीची किंमत कोण भरेल?’ असे विचारावे आणि उत्तर ऐकून मग गुण द्यायला सांगावे. दुसरा प्रश्न तितकाच आवश्यक: ही क्षमता रुजू होतानाच अंगी असावी लागते, की कामावर आल्यावर थोडक्या प्रशिक्षणात शिकवली जाते? दोन आठवड्यांत शिकवता येणाऱ्या गोष्टीसाठी निवडीच्या वेळी चाचणी घेणे योग्य नाही, आणि म्हणून त्या गोष्टीला गट पाडतानाही स्थान नको.

प्रत्येक पदासाठी निदान काही प्रत्यक्ष काम करणारे आणि काही पर्यवेक्षक यांच्याकडून स्वतंत्रपणे गुण घ्यावेत. एकाच पदाला दोघांनी दिलेल्या गुणांत मोठी तफावत असेल तर सरासरी काढून पुढे जाऊ नये. बरेचदा अशी तफावत दाखवते की त्या एका पदनामाखाली मुळात दोन कामे चालू आहेत.

अंतर मोजण्याचे एक उदाहरण

बिल तपासणी, माल नोंदणी आणि तक्रार निवारण ही तीन पदे घेऊ. पाच बाबींवर १ ते ५ गुण आहेत, क्रमाने: तपशिलाची अचूकता, अंकगणिती तर्क, तोंडी संवाद, वाचून समजणे आणि शारीरिक श्रम. बिल तपासणीला ५, ३, २, ३, १ मिळाले. माल नोंदणीला ५, २, २, २, ३. आणि तक्रार निवारणाला २, १, ५, ४, १.

दोन पदांमधले अंतर काढण्यासाठी प्रत्येक बाबीतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचे. बिल तपासणी आणि माल नोंदणी यांत फरक ०, १, ०, १, २ असे आहेत. वर्गांची बेरीज ६ आणि अंतर २.४५. बिल तपासणी आणि तक्रार निवारण यांत बेरीज २३ आणि अंतर ४.८०. माल नोंदणी आणि तक्रार निवारण यांत बेरीज २७ आणि अंतर ५.२०. पहिली दोन पदे जवळची आहेत हे दिसतेच. पण आता शारीरिक श्रम ही बाब काढून टाकून पाहावे, कारण आपली लेखी चाचणी श्रम मोजत नाही. बिल तपासणी आणि माल नोंदणी यांतले अंतर एकदम १.४१ वर येते, आणि तक्रार निवारण दोघांपासूनही ४.८० इतकेच दूर राहते. चाचणीशी संबंध नसलेली एक बाब आत ठेवल्याने दोन जवळची पदे उगाच लांब दिसत होती.

इथे एक तांत्रिक सावधगिरी बाळगावी. काही जण अंतराऐवजी दोन पदांच्या गुणांमधला सहसंबंध साम्य म्हणून वापरतात. सहसंबंधाला फक्त चढउताराचा आकार दिसतो, पातळी दिसत नाही. एका पदाचे गुण ५, ४, ३ आणि दुसऱ्याचे ३, २, १ असतील तर सहसंबंध पूर्ण १ येतो, जरी दुसऱ्या कामाला प्रत्येक क्षमता बरीच कमी लागत असली तरी.

पदे पन्नास-साठ असतील तर गट पाडण्याचे काम संगणकावर सोपवावे. जो वॉर्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेली श्रेणीबद्ध पद्धत आजही सर्रास वापरली जाते: प्रत्येक पद वेगळे धरून सुरुवात होते आणि प्रत्येक पायरीला असे दोन गट जोडले जातात की गटांतर्गत फरक कमीत कमी वाढावा. ज्या पायरीला ही वाढ अचानक मोठी होते, त्याच्या आधी थांबावे. किती गट हवेत याचे ठाम उत्तर ही पद्धत देत नाही. ती फक्त शिवण कुठे उसवते ते दाखवते. पदे आठ-दहाच असतील तर जाणकार चार जणांची दोन तासांची बैठक पुरते. काहीही केले तरी शेवटी गटांची यादी ती कामे करणाऱ्यांसमोर ठेवावी आणि ‘यातले कोणते पद इथे शोभत नाही?’ एवढेच विचारावे.

गट किती रुंद असावा

हा प्रश्न चाचणीच्या जातीवर अवलंबून आहे, आणि इथे संशोधनाचा थोडा इतिहास माहीत असलेला बरा. १९७० च्या दशकापर्यंत असा समज पक्का होता की चाचणीची वैधता प्रत्येक ठिकाणी आणि प्रत्येक कामात वेगळी असते, म्हणून प्रत्येक जागी नव्याने अभ्यास करावा. १९७७ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी दाखवून दिले की ठिकाणागणिक दिसणारा हा फरक बऱ्याच अंशी छोट्या नमुन्यांतून आलेला योगायोग असतो. पुढे १९८१ मध्ये श्मिट, हंटर आणि पर्लमन यांनी क्षमता चाचण्यांच्या बाबतीत कृतींमधले बारीक फरक वैधता फारशी बदलत नाहीत असे मांडले. हंटर यांनी १९८३ मध्ये अमेरिकेच्या रोजगार सेवेच्या अभियोग्यता चाचणीवरील ५१५ अभ्यास कामाच्या गुंतागुंतीनुसार पाच गटांत विभागले, तेव्हा असे दिसले की काम जितके गुंतागुंतीचे तितकी बौद्धिक क्षमतेची वैधता वाढते, आणि साध्या कामांत हाताच्या कौशल्याची वैधता वर येते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की चाचणी सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेची असेल तर गट रुंद ठेवायला हरकत नाही आणि विभागणी गुंतागुंतीच्या पातळीवर करावी. चाचणी विशिष्ट असेल, म्हणजे टंकलेखनाची, आकडे ताडण्याची किंवा कामाचाच नमुना करून दाखवण्याची, तर गट अरुंद हवा आणि कृतींच्या यादीकडे अधिक लक्ष द्यावे. रुंद गट करून विशिष्ट चाचणी लावणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

गट ठरल्यानंतरची आकडेमोड

गट चाचणीचे गुण पाहण्याआधी ठरवून, तारीख घालून लिहून ठेवावेत. गुण पाहिल्यावर ज्या पदांत सहसंबंध चांगला आला तीच पदे ‘सारखी’ वाटू लागतात, आणि मग येणारी वैधता ही आपणच निवडून घेतलेली असते.

त्यानंतर सर्व पदांची माहिती एका ढिगात टाकून एकच सहसंबंध काढणे टाळावे. एका विभागाचा पर्यवेक्षक हात सैल सोडून सरासरी ४.२ देतो आणि दुसरा कडक म्हणून ३.१ वर थांबतो, असे असताना पहिल्या विभागातल्या लोकांचे चाचणीचे गुणही योगायोगाने जास्त असले, तर प्रत्येक विभागात संबंध शून्य असूनही एकत्रित सहसंबंध चांगला भरतो. म्हणून चाचणीचे गुण आणि कामगिरीचे गुण दोन्ही त्या त्या पदाच्या सरासरी आणि प्रमाण विचलनानुसार (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) प्रमाणित करून मगच एकत्र करावेत, किंवा प्रत्येक पदाचा सहसंबंध वेगळा काढून माणसांच्या संख्येनुसार भारित सरासरी घ्यावी.

चार पदांचे उदाहरण घेऊ. माणसे २५, ३२, २८ आणि ४१, सहसंबंध ०.१२, ०.३४, ०.२१ आणि ०.२८. पहिल्या नजरेत वाटते की चाचणी दुसऱ्या पदाला छान लागू पडते आणि पहिल्याला नाही. भारित सरासरी ०.२५ येते. आता प्रत्येक सहसंबंधाचे सरासरीपासूनचे अंतर घेऊन भारित विचरण, म्हणजे त्या अंतरांच्या वर्गांची भारित सरासरी, काढले तर ते ०.००६ आहे. केवळ नमुने लहान असल्याने किती विचरण अपेक्षित आहे हे काढायला एकातून सरासरीचा वर्ग वजा करून त्याचा पुन्हा वर्ग करायचा आणि दर पदामागच्या सरासरी माणसांच्या संख्येतून एक वजा करून भागायचे. इथे ते ०.०२९ येते. दिसलेला फरक योगायोगाने अपेक्षित असलेल्या फरकापेक्षाही कमी आहे. म्हणजे पहिले पद वेगळे आहे असे म्हणायला या आकड्यांत काहीच आधार नाही, आणि चारही पदांसाठी ०.२५ हाच आकडा वापरणे योग्य.

मात्र हा ताळा उलट बाजूने ताणू नये. चार-पाच पदांच्या गटात खरा फरक असला तरी तो या गणितातून निसटू शकतो. आकडे जुळले म्हणून गट बरोबर ठरत नाही; कामाच्या विश्लेषणाने ज्यांना जवळचे ठरवले त्यांच्या आकड्यांनी विरोध केला नाही, इतकेच म्हणता येते. म्हणून विश्लेषणाला प्राधान्य आणि आकड्यांना दुय्यम साक्षीदाराचे स्थान द्यावे.

निवड झालेल्यांवरच अभ्यास होत असल्याने त्यांच्या गुणांचा पसारा अर्जदारांपेक्षा कमी असतो आणि सहसंबंध मूळपेक्षा लहान दिसतो. अर्जदारांचे प्रमाण विचलन १० आणि नोकरीत असलेल्यांचे ७ असेल तर नेहमीच्या सूत्राने ०.२५ चे सुमारे ०.३५ होतात. ही दुरुस्ती त्याच पदाच्या अर्जदारांची प्रत्यक्ष माहिती हातात असेल तरच करावी; दुसरीकडून उसना घेतलेला आकडा लावू नये. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या वैधता-अभ्यासांचे संकलन पुन्हा तपासले, तेव्हा अशाच अतिरिक्त दुरुस्त्या काढल्यावर बौद्धिक क्षमतेच्या चाचण्यांची सरासरी वैधता आधी मानलेल्या ०.५१ वरून ०.३१ वर आली.

एक गट म्हणजे एकच कटऑफ, असे मात्र नाही. चाचणी आणि कामगिरी यांचा संबंध सारखा असला तरी एका कामाला किमान पातळी जास्त लागू शकते. गुणांवरून कामगिरी वर्तवणाऱ्या रेषांचा उतार सर्व पदांत सारखा आहे का, आणि त्यांची उंची वेगळी आहे का, हे वेगवेगळे पाहावे. उतार सारखा आणि उंची वेगळी असेल तर चाचणी एकच ठेवून उत्तीर्णतेची मर्यादा पदागणिक ठरवावी.

नोंदी, नवी पदे आणि फेरतपासणी

गट का केला याची नोंद नसेल तर तो गट नसल्यासारखाच आहे. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आल्बेमार्ल पेपर कंपनीच्या खटल्यात चाचण्यांचा वैधता-अभ्यास अपुरा ठरवला. त्यातला एक मोठा आक्षेप हा होता की चाचण्या काही कामांवर तपासून त्या इतर कामांना लावल्या होत्या, आणि ती कामे एकमेकांसारखी आहेत हे दाखवणारे विश्लेषणच केले नव्हते. पर्यवेक्षकांनी कर्मचाऱ्यांची तुलना नेमकी कोणत्या कसोटीवर केली हेही तिथे स्पष्ट नव्हते. म्हणून कोणी गुण दिले, कोणत्या बाबी वगळल्या आणि का, कोणत्या पदावर मतभेद झाला आणि तो कसा मिटला, हे सगळे फाइलला लागले पाहिजे.

नवे पद निर्माण झाले आणि त्यावर अजून कोणीच काम केले नसेल, तर त्या पदाचे नियोजित काम त्याच बाबींवर मापून प्रत्येक गटाच्या सरासरीपासूनचे अंतर काढावे. एखाद्या गटाच्या जवळ ते स्पष्टपणे पडत असेल तर त्या गटाची वैधता तात्पुरती स्वीकारता येते. दोन गटांच्या मधोमध पडत असेल तर कामाचे घटक सुटे करून प्रत्येक घटकासाठी उपयुक्त ठरलेली चाचणी जोडावी. चार्ल्स लॉशी यांनी १९५२ मध्ये छोट्या संस्थांसाठी सुचवलेल्या संश्लेषित वैधतेची कल्पना हीच.

जुन्या पदांकडेही दर दोन-तीन वर्षांनी परत पाहावे, आणि कामाची साधने बदलली तर त्याआधीच. तक्रार निवारणाचे काम फोनवरून लेखी चॅटवर गेले की तोंडी संवादाचे पाच गुण दोनवर येतात, वाचून समजण्याचे चारचे पाच होतात, आणि एकाच वेळी चार संवाद सांभाळताना ग्राहक क्रमांकांची गल्लत होऊ नये म्हणून तपशिलाच्या अचूकतेचे दोनाचे चार होतात. पदनाम तेच, खुर्ची तीच, पण अंतर पुन्हा मोजले तर हे पद बिल तपासणीपासून ४.८० ऐवजी ३ वर आलेले दिसते. अशा वेळी आधी चाचणी बदलायची की गट, हे ठरवण्यापूर्वी वरचे प्रश्न त्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीला नव्याने विचारावेत.